आजी तीच, चेहरा नवा : मालिकेतला जुना कलाकार गेला की पुढं काय होतं?

आदिलाबाद : 'ठरलं तर मग' या स्टार प्रवाहवरच्या मालिकेतल्या पूर्णा आजी म्हणजे ज्येष्ठ अभिनेत्री ज्योती चांदेकर यांचं १६ ऑगस्ट २०२५ रोजी पुण्यात निधन झालं. ऑक्टोबरमध्ये त्याच पूर्णा आजीच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी आल्या. नाव तेच, सुभेदारांचं घर तेच, नातवंडं-सुना त्याच. बदलला तो फक्त चेहरा आणि आवाज.

आपल्याकडं बेला, जैनथ, तामसी, भीमपूर या मंडलांतल्या आणि आदिलाबाद शहरातल्या मराठी घरांत ही सीरियल रोज लागते. त्यामुळे प्रश्नही घरोघरी निघाले. कलाकार गेल्या, तर मालिकेतही आजी वारल्या असं का नाही दाखवलं? दुसरी बाई आणून बसवायची गरज काय होती? आणि घरात कुणालाच चेहरा बदललेला दिसत नाही, हे कसं? प्रश्न साधे आहेत, पण उत्तरात कथा, पैसा आणि माणुसकी अशा तिन्ही गोष्टी येतात. एकेक करून बघू.

कोण होत्या ज्योती चांदेकर?

रंगभूमी, सिनेमा आणि मालिका अशा तिन्ही ठिकाणी त्यांनी दीर्घकाळ काम केलं. बहुतेकांच्या लक्षात आहे तो २०१० सालचा 'मी सिंधुताई सपकाळ' हा चित्रपट. त्यात तरुण सिंधुताई साकारली तेजस्विनी पंडित यांनी आणि उतारवयातल्या सिंधुताई ज्योती चांदेकर यांनी. दोघी खऱ्या आयुष्यात मायलेकी. म्हणजे एकच व्यक्तिरेखा दोन चेहऱ्यांनी उभी करायची आणि प्रेक्षकाला ती एकच वाटली पाहिजे, हे काम त्यांनी स्वतः करून दाखवलेलं होतं.

'ठरलं तर मग' डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. जुई गडकरी सायलीच्या आणि अमित भानुशाली अर्जुनच्या भूमिकेत. मराठी मालिकांच्या लोकप्रियतेच्या यादीत ती दीर्घकाळ पहिल्या नंबरावर राहिली. नायक-नायिका पोस्टरवर असले तरी घराचा धाक आणि घराची माया दोन्ही आजीकडं होती. करड्या आवाजात बोलणारी, रुसणारी, एकदा नाही म्हटलं की नाही, पण मनातून हळवी. अशी आजी आपल्यापैकी निम्म्या लोकांनी आपल्याच घरात पाहिली आहे. म्हणून ती गेल्याची बातमी अनेकांना घरातलं माणूस गेल्यासारखी लागली.

रोजच्या मालिकेला थांबता येत नाही

सिनेमाचा कलाकार मध्येच गेला तर चित्रपट थांबतो, अर्धवट पडून राहतो, कधी कधी बंदही होतो. रोजच्या मालिकेला ती सोय नाही. आठवड्याचे बहुतेक दिवस एक भाग जावाच लागतो. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता साधारण वीस-बावीस मिनिटांचं चित्रीकरण रोज लागतं. सेटवर बारा-बारा तासांची शिफ्ट चालते, तेव्हा कुठं एका दिवसाची भूक भागते.

यातून वाट काढायला निर्माते काही दिवसांचे भाग आधीच तयार करून ठेवतात. याला त्या धंद्यात 'बँक' म्हणतात. घरात पावसाळ्याआधी सरपण आणि धान्य भरून ठेवतो, तसंच. पण ही बँक महिन्या-दोन महिन्यांची नसते, थोड्या दिवसांची असते. कलाकार आजारी पडला की आधी बँक संपते. मग लेखकाला निरोप जातो की उद्यापासून या पात्राशिवाय प्रसंग लिहा. कलाकार कायमचा गेला, तर त्याच थोड्या दिवसांत पुढच्या वर्षभराचा निर्णय घ्यावा लागतो. सेटवरची माणसं सुतकात असतात आणि दुसऱ्या दिवशीचा कॉल टाइम ठरलेलाच असतो. या नोकरीतली ही कडू बाजू आहे.

जाहिरातदारानं वेळ विकत घेतलेली असते ती दहा-दहा सेकंदांच्या हिशोबानं. वाहिनीचा रात्रीचा धंदा एका मालिकेला दुसरी जोडून उभा असतो. एक मालिका ढिली पडली तर मागची-पुढचीही डगमगते. म्हणून दु:ख कितीही खरं असलं, तरी 'पुढं काय' हा प्रश्न लगेच टेबलावर येतो.

चार वाटा

जगभरातल्या मालिकांनी अशा वेळी जे केलं, ते बघितलं तर ढोबळमानानं चार वाटा दिसतात.

पहिली वाट : चेहरा बदला, भूमिका ठेवा. आपल्याकडं सगळ्यात जास्त वापरली जाते ती हीच. रीमा लागू १८ मे २०१७ रोजी गेल्या, तेव्हा त्या स्टार प्लसच्या 'नामकरण' या हिंदी मालिकेत दयावंती मेहता ही कडक आजी करत होत्या. आदल्या दिवसापर्यंत त्यांनी चित्रीकरण केलं होतं. पुढं ती भूमिका रागिणी शाह यांनी केली. 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मध्ये डॉक्टर हाथी करणारे कवी कुमार आझाद ९ जुलै २०१८ रोजी गेले. त्यांच्या जागी निर्मल सोनी आले. त्याच मालिकेतले नट्टू काका, म्हणजे घनश्याम नायक, ३ ऑक्टोबर २०२१ रोजी गेले. ती जागा पुढच्या वर्षी किरण भट्ट यांनी घेतली.

तमिळमध्ये तर याहून अवघड प्रसंग आला. सन टीव्हीच्या 'एदिर्नीचल' मालिकेत आदिमुत्तू गुणशेखरन ही भूमिका करणारे जी. मारिमुत्तू ८ सप्टेंबर २०२३ रोजी चेन्नईत त्याच मालिकेचं डबिंग करत असताना हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. त्यांची बोलण्याची ढब इतकी गाजली होती की लोक मोबाईलवर त्यांच्या संवादाच्या चित्रफिती फिरवत. त्यांच्या जागी लेखक-अभिनेते वेल रामामूर्ती आले.

दुसरी वाट : पात्रालाही निरोप द्या. अमेरिकेतल्या 'डॅलस' मालिकेचं उदाहरण यात नेहमी दिलं जातं. तेलाच्या धंद्यातल्या श्रीमंत घराण्याची ही गोष्ट १९७८ ते १९९१ अशी चालली. घरातला कर्ता पुरुष जॉक यूइंग साकारणारे जिम डेव्हिस एप्रिल १९८१ मध्ये गेले. निर्मात्यांनी दुसरा नट आणला नाही. जॉक दक्षिण अमेरिकेत कामाला गेल्याचं दाखवलं आणि नंतर तिकडंच हेलिकॉप्टर अपघातात गेल्याची बातमी घरी येते, असं कथानक केलं. त्यानंतर त्यांची मोठी तसबीर घराच्या भिंतीवर राहिली. पुढं मालिका २०१२ मध्ये नव्यानं सुरू झाली. तिचा प्राण असलेले जे. आर. म्हणजे लॅरी हॅगमन २३ नोव्हेंबर २०१२ रोजी गेले. तेव्हाही बदली नट न आणता २०१३ मध्ये जे. आर.च्या अंत्यविधीचा भाग दाखवला गेला.

तिसरी वाट : जागा रिकामी ठेवा. माणूस गावाला गेलाय, यात्रेला गेलाय, लेकीकडं गेलाय. फोनवर बोलणं होतं, पडद्यावर कुणी दिसत नाही. ही वाट बहुधा तात्पुरती असते, पण कधी कधी वर्षानुवर्षं चालते. 'तारक मेहता'तली दयाबेन हे त्याचं ठळक उदाहरण. दिशा वकानी सुखरूप आहेत, फक्त २०१७ पासून मालिकेत नाहीत. ती जागा मात्र दीर्घकाळ तशीच राहिली.

चौथी वाट : काळ पुढं ढकला. याला 'लीप' म्हणतात. कथा काही वर्षं पुढं नेली की चेहरे बदलले तरी प्रेक्षक फार विचारत नाही. झी मराठीच्या 'अग्गंबाई सासूबाई'त आजोबा करणारे रवी पटवर्धन डिसेंबर २०२० मध्ये गेले. मार्च २०२१ मध्ये ती मालिका संपून त्याच घराची गोष्ट 'अग्गंबाई सूनबाई' या नावानं सुरू झाली. त्यात आजोबांच्या भूमिकेत मोहन जोशी आले. शुभ्रा आणि सोहम यांचेही चेहरे त्याच वेळी बदलले. नाव नवं, सुरुवात नवी, त्यामुळे तीन-तीन बदल एका घासात गिळता आले.

पूर्णा आजीला निरोप का देता आला नाही?

आता मूळ प्रश्न. 'ठरलं तर मग'नं दुसरी वाट का घेतली नाही? उत्तर मालिकेच्या कथेत आहे.

आश्रमात वाढलेली सायली करारावर लग्न करून सुभेदारांच्या घरी येते. ती खरं म्हणजे हरवलेली तन्वी. तन्वीची आई प्रतिमा ही पूर्णा आजींची मुलगी. म्हणजे जिला आजी परकी सून समजून सुरुवातीला धारेवर धरते, ती तिच्याच पोटच्या लेकीची लेक. आणि तन्वी म्हणून जिच्यावर माया केली, ती खोटी. प्रेक्षक हे जाणून आहे, आजी नाही. रोज रात्री टीव्हीसमोर बसून आपण वाट बघतो ती याच क्षणाची, की आजीला कधी कळणार?

हा पेच मराठीत जन्मला नाही. सन टीव्हीवर २०१८ ते २०२२ या काळात गाजलेल्या 'रोजा' या तमिळ मालिकेवर 'ठरलं तर मग' बेतलेली आहे. तिथं ही आजी अन्नपूर्णी नावानं होती आणि ती भूमिका वडिवुक्करसी यांनी केली होती. दोन्हीकडं कथेच्या गाठीचं एक टोक आजीच्या हातात आहे. आजीला कथेत मारलं, तर गाठ सुटण्याआधीच दोरी तुटते. दोन-तीन वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो क्षण आला तरी त्याला अर्थ उरत नाही. सत्य कळून रडायला, माफी मागायला, नातीला जवळ घ्यायला आजी हवीच.

'डॅलस'ला जॉकशिवाय पुढं जाता आलं, कारण बाप गेल्यावर वारसांची भांडणं हीच पुढची कथा होती. तिथं मृत्यूनं कथेला खाद्य दिलं. इथं मृत्यूनं कथा उपाशी राहिली असती. म्हणजे कुठली वाट घ्यायची हे फक्त भावनेवर ठरत नाही. ते पात्र कथेत कुठं उभं आहे, त्याच्यावाचून कोणतं वचन अपुरं राहतं, यावर ठरतं.

दुसरंही एक कारण आहे. आपल्याकडं रोजची मालिका जेवणाच्या वेळी घरातली सगळी मंडळी मिळून बघतात. ज्या कलाकाराचं जाणं आत्ताच पेपरात वाचलं, तिची तिरडी, तिचा हार घातलेला फोटो पडद्यावर आठवडाभर बघणं बऱ्याच घरांना सोसत नाही. सहकलाकारांनाही ते प्रसंग करणं जड जातं. खरं रडू आणि संवादातलं रडू यातली रेष पुसली जाते.

कुणाला आणायचं? इथंच खरी परीक्षा

चेहरा बदलणं म्हणजे सगळं निभावलं, असं नाही. 'डॅलस'चीच दुसरी गोष्ट बघा. घरातली आई मिस एली ही भूमिका बार्बरा बेल गेडीस करत. त्यांनी १९८४ मध्ये मालिका सोडली. जागी आल्या डॉना रीड. साध्यासुध्या नव्हेत, ऑस्कर मिळालेल्या अभिनेत्री. तरी प्रेक्षकांनी त्यांना मिस एली म्हणून मनापासून घेतलं नाही. एका वर्षातच जुन्या मिस एली परत आल्या आणि डॉना रीड यांना बाजूला व्हावं लागलं. तो वाद कोर्टापर्यंत गेला. अभिनय मोठा असून चालत नाही. प्रेक्षकाच्या मनात त्या खुर्चीवर बसायचा हक्क आधीच तयार असावा लागतो.

रोहिणी हट्टंगडी यांच्याकडं तो हक्क होता. १९८२ च्या 'गांधी' चित्रपटातल्या कस्तुरबांच्या भूमिकेनं त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मराठी घरातली त्यांची ओळख वेगळीच आहे. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ अशी बारा वर्षं चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. त्यातली सासू त्या. नंतर झी मराठीवरच्या 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये त्या आई आजी. म्हणजे घरातल्या मोठ्या बाईची खुर्ची त्यांच्यासाठी नवी नव्हती. प्रेक्षकानं त्यांना या नात्यात आधीच पाहिलं होतं.

तेलंगणातल्या वाचकांसाठी यात एक गंमत आहे. 'चार दिवस सासूचे' ज्या ई टीव्ही मराठीवर लागायची, ती वाहिनी हैदराबादच्या रामोजी राव यांच्या ईनाडू समूहानं २००० साली सुरू केली होती. २०१५ मध्ये तिचं नाव कलर्स मराठी झालं. म्हणजे ज्या सासूनं मराठी घराघरांत जागा मिळवली, तिच्या वाहिनीचं मूळ आपल्या राजधानीत होतं.

मधे गेलेला वेळही महत्त्वाचा. ऑगस्टच्या मध्यावर एक आजी गेल्या, दुसऱ्या आल्या त्या ऑक्टोबरात. चौथ्या दिवशीच नवी आजी त्याच पलंगावर बसलेली दिसली असती, तर लोकांनी टीव्ही बंद केला असता. मराठी माणसाला तेरावा, महिना, वर्षश्राद्ध या पायऱ्या माहीत आहेत. दु:खाला दिवस मोजून द्यावे लागतात, हे मालिकेनंही पाळलं तर प्रेक्षक साथ देतो.

सीमेवरच्या प्रेक्षकाला दोन चेहऱ्यांची सवय आहे

पुण्या-मुंबईत या बदलावर खूप चर्चा झाली. आपल्याकडं मात्र एक वेगळी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पैनगंगेच्या अलीकडं राहणारा मराठी माणूस दोन्ही भाषांतल्या सीरियल बघतो. घरात सासू स्टार प्रवाह लावते, तर शेजारी स्टार माँ चालू असतं. आणि या दोन्हीकडं पुष्कळदा गोष्ट एकच असते.

'रंग माझा वेगळा'तली दीपा आणि तेलुगू 'कार्तिक दीपम'मधली दीपा, जिला सगळे वंटलक्का म्हणून ओळखतात, या दोघी एकाच मल्याळम मालिकेच्या, 'करुत्तमुत्तु'च्या लेकी. 'आई कुठे काय करते'तली अरुंधती आणि 'इंटिंटी गृहलक्ष्मी'तली तुलसी या दोघींचं मूळ बंगालीतल्या 'श्रीमोयी'त. आदिलाबादच्या बाईला एकच दुखणं दोन चेहऱ्यांनी, दोन भाषांत भोगलेलं दिसतं आणि ती दोघींसाठीही तितकीच हळहळते. भूमिका वेगळी, तिला अंगावर घेणारी बाई वेगळी, हे कुणी न शिकवता तिला कळतं. त्यामुळे पूर्णा आजीचा नवा चेहरा स्वीकारायला आपल्याकडची मंडळी कदाचित जास्त तयार आहेत.

पण आपल्यासाठी यात आणखी एक गोष्ट अडकलेली आहे. इथली बरीच मुलं तेलुगू नाहीतर इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी शाळा आहेत, पण घरातल्या आजी-आजोबांनंतर सलग, ठसठशीत मराठी त्यांच्या कानावर पडतं ते टीव्हीवर. तिथंही तरुण पात्रं निम्मं इंग्रजी बोलतात. 'अगं बाई', 'काय गं पोरी', 'जेवून घे आधी' असलं घरगुती मराठी मालिकेत बोलतं ते म्हातारं पात्र. सुभेदारांची भाषा शहरी, आपली वऱ्हाडी-तेलुगू मिसळलेली, तरी नात्यांचे शब्द आणि रागावण्याची रीत तीच. म्हणून मालिकेतली आजी टिकली याचं आपल्याला थोडं जास्तच बरं वाटलं, तर त्यात नवल नाही.

आणि हे बरं वाटणं वाहिनीच्या वहीत चढत नाही, हेही सांगायला हवं. बार्कच्या आकड्यांवरून मराठी मालिकांची जी क्रमवारी छापून येते, ती महाराष्ट्र-गोवा या बाजारपेठेची असते. आदिलाबाद तेलंगणाच्या खात्यात पडतं. आपण बघतो, हळहळतो, पैसे भरून वाहिनी घेतो, पण 'मराठी प्रेक्षकांना काय आवडलं' हे मोजताना आपलं घर त्यात नसतं.

नाव कुणाचं, कमाई कुणाची?

वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना भागीदारी खात्यांचा धडा आठवत असेल. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनं पेढी विसर्जित होते. पेढी पुढं चालवायची असली, तर गेलेल्या भागीदाराचा हिशोब करतात. त्यात एक रक्कम असते ती 'गुडविल'ची, म्हणजे नावलौकिकाची. त्यानं दुकानाला जे नाव मिळवून दिलं, त्यातला त्याचा वाटा वारसांना द्यायचा.

मालिकेत असा हिशोब होत नाही. कलाकाराचं मानधन बहुतेक वेळा दिवसावर ठरतं. जितके दिवस सेटवर, तितके पैसे. पण ज्योती चांदेकरांनी जवळपास पावणेतीन वर्षं त्या आजीला जे वजन दिलं, ते त्यांच्याबरोबर गेलं नाही. ते भूमिकेत राहिलं. नवी आजी आली तेव्हा घरातल्यांनी तिला मान दिला, प्रेक्षकानं पहिल्या दिवसापासून तिचं ऐकलं, ते त्या आधीच्या कमाईवर. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती होऊन कलाकारांनाही आपल्या कामाच्या व्यावसायिक वापरातून मानधनाचा हक्क लिहून दिला गेला. पण कागदावरचा हक्क आणि रोजच्या मालिकेतला व्यवहार यात अंतर मोठं आहे.

ज्येष्ठ कलाकारांचं काम किती नाजूक धाग्यावर असतं, हे कोरोनात दिसलं. मे २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनं चित्रीकरणाला परवानगी देताना ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई केली. काळजी खरी होती, पण ज्यांचं पोट रोजच्या कामावर, त्यांनी काय करायचं? ७ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली. पुढच्याच महिन्यात, २२ सप्टेंबर २०२० रोजी, ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर साताऱ्यात कोरोनानं गेल्या. त्या तिकडं 'आई माझी काळूबाई' या नव्या मालिकेचं चित्रीकरण करत होत्या. बंदी घातली तर चूल विझते, काम केलं तर जिवाला घोर. या पेचातूनच आपल्या पडद्यावरचे आजी-आजोबा आपल्यापर्यंत पोहोचतात.

मग बरोबर काय?

चेहरा बदलला म्हणून मालिकेला दोष देण्यात अर्थ नाही. कथेला आजी हवी होती आणि एका मालिकेवर स्पॉटबॉयपासून लेखकापर्यंत शेकडो घरं चालतात. प्रश्न आहे तो बदल कसा केला याचा.

अमेरिकेत मुलांसाठी 'सेसमी स्ट्रीट' नावाचा कार्यक्रम आहे. त्याची भारतीय आवृत्ती 'गली गली सिम सिम' आपल्याकडंही लागायची. त्यात दुकानदार मिस्टर हूपर करणारे विल ली ७ डिसेंबर १९८२ रोजी गेले. निर्मात्यांपुढं वाटा त्याच होत्या : दुसरा नट आणा, किंवा हूपर दूर राहायला गेले असं सांगा. त्यांनी दोन्ही टाळलं. २४ नोव्हेंबर १९८३ च्या भागात बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी हूपरसाठी काढलेलं चित्र घेऊन येतो. घरातली मोठी माणसं त्याला सरळ सांगतात की हूपर वारले, आता परत येणार नाहीत. लहान मुलांशी इतकं खरं बोलता येतं, तर मोठ्यांशी का नाही?

रोजच्या मालिकेला कथेत हे जमणार नाही, हे मान्य. पण कथेबाहेर जमू शकतं. नव्या चेहऱ्याच्या पहिल्या भागाआधी जुन्या कलाकाराचा एक फोटो, दोन ओळी आणि मग 'इथून पुढं ही भूमिका अमुक करतील' एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं. ज्या वाहिन्या हे करतात, त्यांच्यावर प्रेक्षक रागावत नाही. राग येतो तो लपवाछपवीचा. काल होती ती आज नाही आणि कुणी काही बोलतच नाही, याचा. प्रेक्षकाला सगळं ठाऊक असतं. त्याला फक्त कुणीतरी ते मोठ्यानं बोललेलं हवं असतं.

आपल्या घरांतही असंच असतं. आजी गेली म्हणून दिवाळीचा फराळ थांबत नाही, तो मोठी सून करते. तिच्या हातची चव वेगळी लागते आणि तरी घरचीच लागते. पण पहिल्या वर्षी ताट वाढताना कुणीतरी आजीचं नाव काढतंच. सुभेदारांच्या घरात पूर्णा आजी आहेत, राहतील. त्यांना पावणेतीन वर्षं आवाज दिला तो ज्योती चांदेकरांनी, हे आपल्या नातवंडांना सांगायचं काम मात्र मालिकेचं नाही, आपलं आहे.